आज्याची सुरी

घराचे वासे काढताना खोचलेली सुरी हाती लागली. आज्याची. गावात ढोर मेलं की आज्या हिनंच ते सोलायचा. बा म्हणाला, "टाक ती उकिरड्यावर. आता कशाला पायजे?"

नाही टाकली. रातभर राकेलात बुडवली. सकाळी विटेची भुकटी ओल्या चिंधीवर घेऊन घासली. एका अंगाचा गंज सुटला. खाली काळे खड्डे. ते जात नाहीत. लई घासलं तर पातंच झिजतं.

घासता घासता हिशेब लागत गेला. १९ व २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. गावोगाव सुऱ्या खाली ठेवल्या गेल्या. आज्यानंही ठेवली, बाच्या जन्माआधीच. १९५८ च्या कायद्यानं महारकी वतन मोडलं, त्याआधी माणसांनीच ते हातानं मोडायला घेतलं होतं. आणि ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उन्याजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना झोडपलं. मग तिथल्या लोकांनी ढोरं उचलणंच बंद केलं.

म्हणजे हा गंज हयगयीचा नव्हे. आज्यानं उपाशी राहून तो कमावला. अन् मी तो खरवडत बसलोय!

हात थांबवला. धारेचा दगड परत ठेवला. सुरी पुसून कोरडी केली, खोबरेल चोळलं. दुसरं अंग गंजकंच ठेवलं.

बानं उलटसुलट करून बघितली. म्हणाला, "ऱ्हाऊ दे घरात."