तेव्हा ओर्बान उदारमतवादी होता

30 मार्च 1988. बुडापेस्टच्या बुडा बाजूला, टेकडीवरच्या बिबो वसतिगृहात तुम्ही दाराशी अंग चोरून उभे आहात. 37 तरुण एक संघटना काढतायत. हंगेरीत तरुणांची अधिकृत संघटना एकच, कम्युनिस्टांची. दुसरी काढली की पोलिसांचं बोलावणं आलंच. तरी नाव ठरतं: फिदेस, तरुण लोकशाहीवाद्यांचा संघ. पस्तिशी ओलांडलेल्याला सदस्यत्व नाही. (तुमचं वय कुणी विचारायच्या आत सटका.)

आता 16 जून 1989, हीरोज स्क्वेअर. कलादालनाच्या पायऱ्यांवर सहा शवपेट्या. 1958 साली फाशी दिलेल्या पंतप्रधान इम्रे नॉज यांना आज सन्मानानं पुन्हा दफन करायचंय. सहावी पेटी रिकामी आहे, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या 1956 च्या उठावातल्या अनाम मृतांसाठी. वक्त्यांत सर्वांत तरुण आहे फिदेसचा 26 वर्षांचा व्हिक्टर ओर्बान. सोव्हिएत फौजा परत जाव्यात, असं तो थेट बोलतो. शेजारचा म्हातारा तुमचा दंड घट्ट धरतो. टीव्हीवर हे सगळं थेट दिसतंय!

1990 च्या निवडणुकीत फिदेसचं पोस्टर बघा. वर सोव्हिएत नेते ब्रेझनेव आणि पूर्व जर्मनीचे होनेकर एकमेकांचं चुंबन घेताहेत, खाली एक तरुण जोडपं. आणि विनंती एवढीच, की निवडा. मतं मात्र नऊ टक्क्यांच्या आसपास. दुसरा उदारमतवादी पक्ष, मुक्त लोकशाहीवाद्यांचा संघ, थेट दुसऱ्या क्रमांकावर. भूमिगत नियतकालिकं काढून पोलिसांचा ससेमिरा सोसलेली, तत्त्वज्ञ यानोश किश यांच्यासारखी माणसं त्यात आहेत.

आता 1994 मध्ये या. जनमत चाचण्यांत मध्यंतरी आघाडीवर असलेला फिदेस सात टक्क्यांवर आपटलाय. जिंकलेत माजी कम्युनिस्ट: 386 पैकी 209 जागा, स्पष्ट बहुमत. तरीही मुक्त लोकशाहीवादी त्यांच्याच सरकारात जाऊन बसतात. पंतप्रधान ग्युला होर्न. 1956 चा उठाव चिरडणाऱ्या सशस्त्र दलात होते ते! माझ्या मते हंगेरीतल्या उदारमतवादाची पत इथंच गेली. ओर्बाननं हेरलं, की उजवी बाजू मोकळी आहे. वयाची अट फिदेसनं आदल्या वर्षीच काढून टाकली होती. 2000 साली पक्षानं उदारमतवाद्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही सोडली. यात त्याची संधिसाधू वृत्ती होतीच, पण वाट मोकळी करून दिली ती त्याच्या जुन्या सोबत्यांनी, मुक्त लोकशाहीवाद्यांनी.

शेवटचा मुक्काम जुलै 2014, रुमानियातलं तुश्नाद गाव. आपण उभारत असलेलं राज्य उदारमतवादी नाही, असं पंतप्रधान ओर्बान उघडपणे सांगतोय. मुक्त लोकशाहीवाद्यांचा संघ त्याच्या आदल्याच वर्षी विसर्जित झालाय.