झाकण मिटले, तरी यंत्र झोपेना! : लिनक्सच्या निद्रेचा इतिहास

१/ लॅपटॉपचे झाकण मिटावे, उघडताच अर्धे राहिलेले वाक्य जसेच्या तसे समोर यावे, ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र तिच्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याविषयी हा थ्रेड.

२/ १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ हे मानक आणले. त्यात झोपेचा कारभार प्रामुख्याने बायोसकडे होता. बीएसडी कुळात यंत्र निजवण्याच्या आज्ञेचे नावच ‘झेड-झेड-झेड’ होते. इंग्रजी चित्रकथांतील घोरण्याची खूण!

३/ डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ प्रसिद्ध केले. सूत्रे कार्यप्रणालीच्या हाती आली. ‘एस-३’ निद्रेत स्मृतीला तेवढी वीज मिळते. ‘एस-४’ मध्ये स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते.

४/ मानक खुले होते, पण त्याबरहुकूम फर्मवेअर लिहिणारे उत्पादक ते मुख्यतः विंडोजवरच पारखून पाहत. परिणामी लिनक्सवर यंत्र झोपे, पण जागे होताना पडदा काळाच राही.

५/ येथे एक अस्सल साधन उपलब्ध आहे. २४ जानेवारी १९९९ च्या ईमेलमध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना विचारले होते की, एसीपीआयचे विस्तार केवळ विंडोजपुरते ठेवता येतील का? आयोवातील खटल्यात हे पत्र उजेडात आले. मात्र सावध राहावे : पत्रातून विचार दिसतो; तो अमलात आल्याचा पुरावा त्यात नाही.

६/ दरम्यान गाबोर कुटी आणि पावेल माखेक यांनी डिस्कवर निजवण्याची सोय लिनक्समध्ये आणली. नायजेल कनिंगहॅम यांचे ‘टक्सऑनआइस’ लोकप्रिय झाले, तरी मुख्य कर्नलमध्ये त्याला स्थान मिळाले नाही.

७/ २००७ मधील २.६.२३ आवृत्तीपासून, फर्मवेअरने विचारल्यास ‘मी लिनक्स’ असे सांगणे कर्नलने थांबवले. विंडोजशी सुसंगत असल्याचे मात्र ते सांगते. स्वतःचे नाव लपवले, तेव्हा कुठे शांत झोप!

८/ आज ‘सिस’ खालील ‘पॉवर’ निर्देशिकेतील ‘स्टेट’ फाइलीत ‘मेम’ लिहिले की यंत्र निजते. झाकण मिटल्यावर काय घडावे, हे सिस्टमडीच्या ‘लॉगिन-डी’ मांडणीत एका ओळीने ठरते.

९/ पण चक्र पुन्हा फिरले. २०१२ च्या विंडोज ८ ने फोनसारखी अर्धजागृत निद्रा आणली आणि पुढे अनेक नव्या लॅपटॉपांतून ‘एस-३’ नाहीसे झाले. मग पिशवीतले ‘झोपलेले’ यंत्र कधी तापते, बॅटरी उतरते. त्याच निर्देशिकेतील ‘मेम-स्लीप’ फाइल उघडून पाहा. तेथे ‘डीप’ हा शब्द नसेल, तर आपल्या यंत्राची गाढ झोप आपल्याला न विचारताच काढून घेतली गेली आहे.

१०/ यंत्र आपले, पण त्याची झोप कोणाच्या हाती? १९९२ चा हा प्रश्न अजून मिटलेला नाही.