साष्टीतील विवाहनोंदी आणि पितृनामाचा प्रश्न

एकाच वधूच्या पित्याचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक आणि विवाहाच्या नोंदीत दुसरेच आढळावे, हे साष्टीतील ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ जुळविणाऱ्यापुढील एक अवघड कोडे होय. अशा वेळी दोहोंपैकी एक नोंद खोटी मानण्याकडे सहज कल होतो. परंतु दोन्ही नोंदी प्रामाणिक असणे अशक्य नसते.

ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाह धर्मगुरू व साक्षीदार यांच्यासमक्ष लागावा व त्याची वही ठेवावी, असा निर्बंध घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने नोंदींचे नमुने घालून दिले. साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे, १७३९ मध्ये मराठ्यांकडे व १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली; तथापि नोंदींविषयीचा हा धर्मनियम राज्यांतराने बदलला नाही.

नावे जुळविण्यातील पहिली अडचण नावांचीच. पोर्तुगीज नावे व आडनावे मोजकीच असल्याने एकाच गावात एकाच नावाचे दोन गृहस्थ असणे सहज संभवते. म्हणून केवळ पित्याच्या नावावर विसंबू नये. माता, गाव आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावेही ताडून पाहावीत. धर्मपित्याच्या नात्यामुळेही विवाहास बाध येत असल्याने ती नावे टिपून ठेवणे आवश्यक असे.

दुसरी शक्यता मातेच्या पुनर्विवाहाची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मदाता, तर विवाहाच्या नोंदीत सावत्र पिता असा भेद त्यामुळे पडू शकतो. तथापि हा तर्क सिद्ध होण्यास दोन पुरावे हवेत: पहिल्या पित्याची दफननोंद आणि तिच्यानंतरची मातेच्या दुसऱ्या विवाहाची नोंद. दोन्ही नोंदी विवादित नोंदींच्या दरम्यान पडल्या, तर विरोध आपोआप मिटतो. एरवी जन्माच्या निकट लिहिलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसच अधिक वजन द्यावे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. १२१५ पासून चौथ्या पिढीपर्यंतच्या सगोत्रांचा विवाह निषिद्ध होता; १९१७ च्या धर्मसंहितेने ही मर्यादा तिसऱ्या पिढीवर आणली. विवाहनोंदीत अशा नात्याची सूट दिल्याचा उल्लेख असेल, तर उभयतांचा समान पूर्वज त्या वेळी मोजून काढलेला असतो. अशा नोंदीतील पितृनाम केवळ ऐकीव नसते.

१९०८ पासून काम पुष्कळ सुकर झाले. त्या वर्षी अमलात आलेल्या रोमच्या आज्ञेनुसार विवाहाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीही करावी लागे. बाप्तिस्मा अन्य चर्चमध्ये झाला असल्यास तेथे कळवावे लागे. म्हणून त्यानंतरच्या विवादात बाप्तिस्म्याच्या वहीचा समास आधी पाहावा.

जुनी वही मूळ ठिकाणी नसेल, तर तिच्या चर्चचे स्थलांतर तपासावे. अंधेरीजवळच्या कोंडिविट्याचे १५७९ मधील संत योहानाचे चर्च १८४० च्या साथीत सोडावे लागले आणि धर्मग्राम मरोळला गेले. तेथील घराण्यांच्या नोंदींचा शोध मरोळच्या दप्तरात घ्यावा लागतो.

एक पितृनाम चुकले, तर पुढची सारी शाखा परक्या घरास जोडली जाते आणि गावठाणातील घराचा वारसाही विवादात पडतो. म्हणून विरोध दिसताच एक नोंद खोडण्यापूर्वी दोहोंमधील काळाच्या नोंदी शोधणे हेच संशोधकाचे पहिले कर्तव्य होय.