सोबतीची वाट

'कॉम्रेड' हा शब्द ऐकला की आपल्याकडे लाल बावटा, मोर्चा आणि गिरणगाव आठवतं. २०२३ सालच्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या धावण्यातला एक मित्र म्हणाला, "मी कॉम्रेड्सची तयारी करतोय," तेव्हा मी त्याला विचारलं, "का रे, निवडणुका आल्या का?" सगळे हसले. कॉम्रेड्स ही दक्षिण आफ्रिकेतली जवळजवळ ९० किलोमीटरची धावण्याची शर्यत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही पाच जण. एक बँकेतला, एक शाळामास्तर, एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक डॉक्टरीणबाई आणि मी. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा, पन्नाशी ओलांडलेला आणि सगळ्यांत हळू. शर्यतीला जाणार होते बँकवाला आणि डॉक्टरीणबाई. आम्ही तिघं सोबतीला. कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून निघायचं आणि टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत सिंहगड गाठायचा. एक टेकडी उतरावी तर पुढची समोर उभीच. शर्यत डांबरी रस्त्यावरची, मग या पायवाटा कशाला, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चढाने दम वाढतो, उताराने मांड्या तयार होतात. आणि तो रस्ताही घाटाचाच आहे." खरंच आहे. डर्बन समुद्रकाठी आणि पीटरमॅरिट्झबर्ग सुमारे ६०० मीटर उंचीवर. साधारणपणे एका वर्षी चढत जायचं, दुसऱ्या वर्षी उतरत.

फार धावता आलं नाही तरी मला वाचता येतं. मी त्या शर्यतीचा इतिहास शोधू लागलो.

व्हिक क्लॅफम नावाचा एक रेल्वे इंजिनचालक पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला होता. तिथे जर्मनांच्या पाठलागात त्याची पलटण सुमारे २,७०० किलोमीटर चालली. किती तरी साथीदार परतले नाहीत. त्यांची आठवण म्हणून लोकांनी तसंच लांब अंतर तोडावं, तशीच दमछाक सोसावी, असं त्याच्या मनात आलं. माजी सैनिकांच्या 'लीग ऑफ कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर' या संघटनेने त्याला वारंवार नकार दिला. अखेर १९२१ साली परवानगी मिळाली आणि खर्चाला एक पौंड मिळाला, तोही परतबोलीवर. २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्गहून ३४ जण निघाले. रस्ता बहुतेक कच्चा, धुळीचा. डर्बनला १६ पोहोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटं लागली.

इथवर वाचून मला फार बरं वाटलं. पुढे मात्र थबकलो. शर्यतीचं नाव 'साथीदार', पण धावण्याचा अधिकार फक्त गोऱ्या पुरुषांना. पूर्व आफ्रिकेच्या त्याच मोहिमेत हिंदी सैनिक लढले होते, सामान वाहणारे आफ्रिकी हमाल हजारोंनी मेले होते. साथीदारांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या बाईंचा अर्ज नाकारला गेला, तरी त्या धावल्या आणि पोहोचल्या. १९३५ साली रॉबर्ट मत्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचला. अधिकृत निकालात दोघांनाही स्थान मिळालं नाही. स्त्रियांना आणि सर्व वर्णांच्या लोकांना दार उघडलं ते १९७५ साली, म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर ५४ वर्षांनी.

त्याच दोन शहरांच्या वाटेवर, डर्बनहून, ७ जून १८९३ रोजी एक तरुण हिंदी वकील पहिल्या वर्गाच्या डब्यातून निघाला होता. पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचं काम घेऊन तो त्या देशात गेला होता. पीटरमॅरिट्झबर्गला त्याला सामानासकट खाली उतरवलं गेलं. थंडीत कुडकुडत त्या स्टेशनावर काढलेल्या रात्रीबद्दल गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

दार उघडलं म्हणून सगळं लगेच बदललं नाही. १९८१ साली शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या सोहळ्याशी जोडली गेली. तेव्हा ब्रूस फोर्डाइस हा गोरा धावपटू निषेधाची काळी फीत दंडाला बांधून धावला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली, तो जिंकला. १९८९ साली सॅम त्शाबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला.

या शर्यतीची वेळ १२ तासांची. ती संपली की बंदूक उडते आणि बंदूक उडवणारा माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. त्यानंतर दोन पावलांवर असलेलाही बाद. ९ जून २०२४ रोजी आम्ही तिघं मास्तरांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. डॉक्टरीणबाई वेळेत पोहोचल्या. बँकवाला पोहोचला नाही. तीन मिनिटं कमी पडली.

तो परत आला तो गप्पच. कात्रजच्या टेकड्यांवर पुन्हा आला, पण त्या दिवशी मागे माझ्याजवळ राहिला. मी त्याला १९२१ ची गोष्ट सांगितली. म्हटलं, "३४ निघाले, त्यातले १८ पोहोचलेच नाहीत. ते निघाले नसते तर शर्यत कशाची झाली असती?" तो म्हणाला, "तुम्ही कवी लोक. माझी तीन मिनिटं कुठून आणणार?" मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात माझ्या पोटरीत गोळा आला. "तू जा पुढे," मी म्हणालो. तो बसला आणि माझा पाय चोळू लागला. पुढे गेलेल्या डॉक्टरीणबाई आख्खी टेकडी उतरून मागे आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, मला एक चढ जास्तीचा मिळाला."

'कॉम्रेड' हा शब्द मुळात स्पॅनिशमधून आला. एका खोलीत राहणारा, असा त्याचा अर्थ. आपला 'सोबत' हा शब्द अरबी-फारसीतल्या 'सोहबत'वरून मराठीत आला आणि इथलाच झाला. माझ्या घरात तो आजीच्या तोंडी होता, तसाच शेजारच्या काकूंच्याही. त्याला कुणी कधी गाव विचारलं नाही.

आमच्या धावण्यात वेळ संपल्याची बंदूक नाही. सिंहगडावर शेवटचा माणूस येईपर्यंत पिठलं-भाकरी मागवायची नाही, एवढा एकच नियम आहे. शेवटचा बहुधा मीच असतो. कंडक्टरसाहेब तेवढे दर वेळी घड्याळ दाखवतात, पण मी आल्याशिवाय भाकरी मोडत नाहीत.