गिटमधल्या विसाची गोष्ट

आपल्यापैकी बहुतेक जण दिवसातून चार-पाच वेळा तरी 'गिट कमिट' करत असतील. दर कमिटला चाळीस अक्षरांची एक अगम्य माळ मिळते. (स्क्रीनवर बहुधा तिची पहिली सातच अक्षरं दिसतात, पण असो.) त्या माळेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी मात्र सहज म्हणून तिचा इतिहास वाचायला घेतला आणि दोन वीकएंड त्यातच गेले.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिनक्स कर्नलचा कोड २००२ पासून बिटकीपर ह्या व्यावसायिक टूलमध्ये ठेवला जायचा. एप्रिल २००५ मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला आणि लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच टूल लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटचा पहिला कमिट झाला, तोही गिटमध्येच! सगळा मिळून बाराशे-साडेबाराशे ओळींचा ऐवज. जुलैच्या अखेरीस टोरवाल्ड्सनं त्याची देखभाल जुनिओ हमानो ह्यांच्याकडे सोपवली. पुढे वीस वर्षं उलटली तरी ती त्यांच्याकडेच राहिली.

गिटची मूळ कल्पना साधी आहे. फाइलमधला मजकूर 'एसएचए-१' ह्या गणिती चरकातून काढायचा. मजकूर कितीही मोठा असो, बाहेर पडतात फक्त २० बाइट, म्हणजेच आपली चाळीस अक्षरं. हेच त्या मजकुराचं नाव. प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचं नाव असतं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या कोडमधला एक स्वल्पविराम जरी कुणी गुपचूप बदलला, तरी तिथून पुढची सगळी नावं बदलतात. तलाठ्याच्या दप्तरात एखादे वेळी मागच्या तारखेची नोंद घुसवता येईल, इथे नाही :)

अट एकच. दोन वेगळ्या मजकुरांना एकच नाव मिळता कामा नये. आता गंमत बघा. एसएचए-१ ला अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी कष्टांत गाठता येईल, हे चीनच्या शाओयून वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २००५ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे गिट जन्मायच्या दोन महिने आधी! पण तो धोका तेव्हा कागदावरचा होता. शिवाय टोरवाल्ड्सच्या लेखी हॅशचं मुख्य काम बिघडलेला डेटा पकडणं हे होतं.

ह्याच काळातली एक बारीकशी नोंद मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीला गिट मजकूर आधी कॉम्प्रेस करायचं आणि मग त्याचा हॅश काढायचं. २० एप्रिल २००५ ला हा क्रम उलटा केला गेला. त्यामुळे तोवरची सगळी नावं बदलणार होती. पण टूल दोन आठवड्यांचं, वापरणारे मूठभर. बदल झाला आणि विषय संपला.

हाच बदल दहा वर्षांनी करायचा म्हटल्यावर काय झालं? तोवर सी भाषेतल्या त्या कोडमध्ये जिथे तिथे २० बाइटांचा अ‍ॅरे आणि त्याचं नाव 'एसएचए१' असा प्रकार होता. कुठे २०, कुठे ४०, कुठे शेवटच्या शून्यासकट ४१. टेस्टमध्येही शेकडो ठिकाणी जुने हॅश जसेच्या तसे लिहिलेले. तुम्ही म्हणाल, 'फाइंड अँड रिप्लेस' करा की! पण ह्यातला कुठला वीस हॅशचा आणि कुठला भलताच, हे माणसानं बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय त्याच फाइल्समध्ये बाकीच्यांचं काम चालू असतं. सगळं एकदम बदललं तर सगळ्यांचेच पॅच मोडणार.

ब्रायन कार्लसन ह्यांनी हे काम हाती घेतलं. २०१५ मध्ये 'ऑब्जेक्ट आयडी' नावाचं एक छोटंसं स्ट्रक्चर कोडमध्ये आलं. आत तेच वीस बाइट, नुसतं वर झाकण. मग एकेक फंक्शन जुन्या अ‍ॅरेवरून ह्या स्ट्रक्चरवर आणायचं. वापरणाऱ्याला काही फरक दिसणार नाही, टेस्ट पास व्हायला हव्यात, बस्स. काही साचेबंद बदलांसाठी कॉक्सिनेल हे टूल वापरलं गेलं. ते मूळचं लिनक्स कर्नलसाठी फ्रान्समध्ये तयार झालेलं. पण एकूण काम वर्षानुवर्षांचं, आणि ज्याचा डेमो दाखवता येत नाही असं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल ह्यांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइल्स जाहीर केल्या. त्यासाठी एका सीपीयूची ६,५०० वर्षं आणि एका जीपीयूची ११० वर्षं होतील इतकं गणित करावं लागलं होतं. लगेचच कुणीतरी त्या फाइल्स वेबकिटच्या सबव्हर्जन रिपॉझिटरीत टाकल्या आणि ती रिपॉझिटरी आजारी पडली. गिटनं मे २०१७ च्या २.१३ आवृत्तीत असे हल्ले ओळखणारं एसएचए-१ डिफॉल्ट केलं. त्यामुळे श्वास घ्यायला वेळ मिळाला. आणि खऱ्या दुरुस्तीचा पाया दोन वर्षं आधीच घातला जात होता!

ऑक्टोबर २०२० च्या २.२९ आवृत्तीत ३२ बाइटांच्या एसएचए-२५६ ची प्रायोगिक सोय आली. 'प्रायोगिक' हा शिक्का निघायला ऑगस्ट २०२३ ची २.४२ उजाडली. जुन्या-नव्या रिपॉझिटरीज एकमेकींशी जोडायचं काम तेव्हाही बाकी होतं.

गिटमधली इतर डागडुजीही ह्याच चालीनं झाली. 'बायसेक्ट' ही कमांड शेल स्क्रिप्टमधून सीमध्ये आणायचं काम २०१६ मध्ये एका विद्यार्थी प्रकल्पातून जोमानं सुरू झालं आणि २०२३ मध्ये संपलं. सी भाषेच्या १९९९ सालच्या मानकातली एक साधी सोय, फॉर लूपमध्येच व्हेरिएबल घोषित करायची, आधी नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाच ठिकाणी वापरून बघितली. कुठल्या तरी जुन्या कंपायलरवर गिट बिल्ड होईना अशी ओरड झाली, तर तेवढी एक ओळ मागे घेता यावी म्हणून. सर्वांना परवानगी द्यायची ती त्यानंतर वर्षभरानं.

हे वाचताना मला आमच्या एका क्लायंटचा प्रोजेक्ट आठवत होता. जुनी सिस्टिम टाकाऊ, सगळं नव्यानं लिहू, असं ठरलं. दीड वर्ष नवी सिस्टिम जुनीचा पाठलाग करत राहिली, कारण जुनीत रोज बदल होतच होते. शेवटी नवी गुंडाळली. जुनी अजून चालू आहे, आणि आता तिला हात लावायला कुणी तयार नाही.

एप्रिल २००५ मध्ये जे एका दिवसात जमलं, त्याला पुढे आठ वर्षं लागली. ती लागणारच होती, कारण मधल्या काळात जगभरच्या लोकांनी आपला इतिहास त्या वीस बाइटांच्या भरवशावर ठेवला होता. तो भरवसा एक दिवसही न मोडता पाया बदलणं, ह्यालाच मेंटेनन्स म्हणतात. आपल्याकडे 'मेंटेनन्स प्रोजेक्ट' मिळाला की पोरं तोंड वाकडं करतात, आणि अप्रेझलमध्येही त्याचं फारसं वजन पडत नाही. पुढच्या वेळी ती चाळीस अक्षरं दिसली, तर एकदा नीट बघा.