अचानक ऐकू येणं बंद होणं खरंच किती दुर्मिळ आहे?

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी इन्स्टाग्रामवर एक पोस्ट लिहिली. विमानातून उतरल्यावर आपल्याला काहीच ऐकू येत नसल्याचं लक्षात आलं आणि विषाणूसंसर्गामुळे श्रवणक्षमतेवर परिणाम करणारा दुर्मिळ आजार झाल्याचं निदान डॉक्टरांनी केलं, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर अनेकांना प्रश्न पडला, असं अचानक किती जणांच्या बाबतीत घडतं?

नेमकं काय होतं?

अंतर्कर्ण किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस यांत बिघाड झाला आणि ७२ तासांच्या आत ऐकण्याची क्षमता सलग तीन वारंवारितांवर किमान ३० डेसिबलने घटली, तर डॉक्टर त्याला 'अचानक आलेलं बहिरेपण' म्हणतात. दहापैकी नऊ रुग्णांत हे एकाच कानात होतं. अनेकांना ते सकाळी उठल्यावर कळतं. काहींना फोन नेहमीच्या कानाला लावल्यावर लक्षात येतं. सोबत कानात आवाज येणं किंवा चक्कर येणं अशी लक्षणंही असू शकतात.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत वर्षाला एक लाख लोकांमागे ५ ते २७ जणांना हा त्रास होतो, असा अंदाज दिला जातो. २७ हा आकडा आरोग्य विम्याच्या नोंदींवरून काढलेला आहे आणि त्यानुसार तिथे दरवर्षी सुमारे ६६ हजार नवे रुग्ण आढळतात. वयानुसार फरक मोठा आहे. १८ वर्षांखालील मुलांत लाखामागे ११, तर ६५ वर्षांपुढच्यांत ७७.

हाच अमेरिकेचा दर महाराष्ट्राच्या २०११ च्या जनगणनेतील सुमारे ११.२४ कोटी लोकसंख्येला लावून पाहिला, तर वर्षाला साडेपाच हजार ते ३० हजार रुग्ण होतील. हा हिशेब केवळ आवाका समजण्यासाठी आहे.

देशागणिक आकडा का बदलतो?

जपानच्या देशव्यापी पाहण्यांमध्ये हे प्रमाण १९७२ मध्ये लाखामागे ३.९ होतं. १९८७ मध्ये ते १४.२, १९९३ मध्ये १९.४ आणि २००१ मध्ये २७.५ झालं. पुढे २०१२ मध्ये आइची प्रांतापुरत्या झालेल्या पाहणीत ते ६०.९ निघालं. जर्मनीतल्या एका अभ्यासात तर १६० रुग्ण आढळले.

आजारच इतका वाढला, असा याचा थेट अर्थ निघत नाही. मोजणी मोठ्या रुग्णालयांपुरती केली की छोट्या दवाखान्यांतले रुग्ण सुटतात. सौम्य त्रास धरायचा की नाही, यावरही आकडा बदलतो. शिवाय काहींना आपोआप बरं वाटतं आणि ते डॉक्टरकडे जातच नाहीत. त्यामुळे नोंदलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त.

मग धोका कुठे आहे?

सर्दी झाली असेल, मळ साचला असेल, दडे बसले असतील, असं समजून लोक थांबतात. कानात तेल घालतात. सुमारे निम्म्या रुग्णांना एक-दोन आठवड्यांत थोडं किंवा पूर्ण ऐकू येऊ लागतं, हे खरं. पण आपण त्या निम्म्यांत आहोत की नाही, हे आधी कळत नाही. स्टेरॉइडचे उपचार साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त असते. उशीर होईल तशी ती घटत जाते.

ओठ मिटून गुणगुणून पाहिल्यास एक अंदाज येतो. आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा आला, तर मळ किंवा मधल्या कानातला अडथळा असू शकतो. चांगल्या कानात मोठा आला, तर नसेचा त्रास असण्याची शंका घ्यावी. मात्र ही खूण तपासणीला पर्याय नाही. खात्री ऑडिओमेट्रीनेच होते.

नेमकं कारण साधारण दहापैकी एकाच रुग्णात सापडतं. विषाणूसंसर्ग, रक्तपुरवठ्यातला अडथळा, प्रतिकारशक्तीचा बिघाड किंवा क्वचित श्रवण-नसेवरची गाठ ही त्यामागची कारणं असू शकतात. गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करायला सांगतात.

थोडक्यात, हा आजार रोज कानावर पडणारा नसला तरी अगदी विरळाही नाही. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणं योग्य.