न संपणाऱ्या सुराचें वाद्य

इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें १९६३ पासून तयार होऊं लागलेल्या मेलोट्रॉनचें रूप वरून पेटीसारखें. परंतु त्याच्या प्रत्येक पट्टीखालीं चुंबकीय फितीचा तुकडा असे, व त्यावर व्हायोलिनचा वा बांसरीचा खरा स्वर मुद्रित केलेला असे. पट्टी दाबली कीं फीत धांवे. सुमारें ८ सेकंदांनीं ती संपे आणि स्वर तुटे. बोट उचलून फीत मागें येईपर्यंत वादकाला थांबावें लागे.

ही उणीव दूर करण्याचें अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांतील डेव्हिड बायरो या तरुणानें मनावर घेतलें. १९७४ च्या सुमारास त्यानें मोटारींत गाणीं ऐकण्यासाठीं वापरले जाणारे १९ फीतवादक एका सांगाड्यांत बसविले. त्यांच्या डबींतील फितीचीं टोकें एकमेकांना जोडलेलीं असत. तिला अंतच नसे. प्रत्येक फितीवर आठ मार्ग, म्हणजे चार प्रकारच्या ध्वनींचे दोन-दोन स्वर. १९ डब्यांत ३७ पट्ट्यांची सोय झाली. हिशेब मोठा सुरेख! मेलोट्रॉनच्या लहरीपणाला विटलेल्या रिक वेकमन या नामांकित वादकानें यावर आपला पैसा ओतला, आणि ‘बायरोट्रॉन’ काढण्यासाठीं कंपनी उभी राहिली.

अडचणी निघाल्या त्या या अनंत फितीच्याच पोटांतून. डबींतील फीत वेटोळ्याच्या मध्यांतून ओढली जाते व बाहेरच्या वेढ्यावर जाऊन बसते. वेढे एकमेकांवर सतत घासतात. म्हणून तिच्या पाठीस ग्राफाइटचा लेप देत. तो झिजला कीं फीत अडखळे. गाण्यांतील असा हेलकावा कान सोसतो, लांबविलेल्या एकाच सुरांत मात्र तो लपत नाहीं. आणि येथें तर १९ फितींनीं एकमेकींशीं सुरांत राहावयाचें होतें.

याहून अवघड गोष्ट निराळीच होती. फिती अखंड फिरत असल्यामुळें पट्टी दाबतांक्षणीं फितीचा कोणता भाग समोर येईल याचा नेम नसे. म्हणून स्वराचा आरंभ फितीवर ठेवतांच येईना. ठेवला असता तर तो भलत्याच वेळीं ऐकूं आला असता. नखी तारेवर बसते तो क्षण गाळला, तर सतारसुद्धां ओळखूं येणें कठीण. बायरोट्रॉनमध्यें स्वराचा उठाव विजेच्या युक्तीनें घडवावा लागे. गायकवृंदाचे संथ, दाटलेले सूर त्यांतून छान निघत; आघातावर जगणाऱ्या वाद्यांचें काम नव्हे. ज्या ८ सेकंदांना नांवें ठेवलीं गेलीं, त्यांनींच स्वराचा जन्म जपला होता.

वेकमननें ‘येस्’ मंडळींच्या १९७८ च्या ‘टॉर्माटो’ या ध्वनिमुद्रिकेंत बायरोट्रॉन वाजविलें. पण अशीं वाद्यें चाळीसहि बाहेर पडलीं नाहींत. तोंच १९७९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील फेअरलाइट आलें. त्यांत ध्वनि आंकड्यांच्या रूपानें सांठविला जाई, पट्टी दाबतांच तो आरंभापासून ऐकूं येई, आणि झिजायला फीतच नव्हती.